पिन किती काटेकोर बसवावी? एका टर्नटेबलच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

काकांचं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आज माझ्या टेबलावर आलं. टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२, जुनं, पण यंत्र म्हणून ठणठणीत. वेग स्थिर आहे, टोनआर्म (पिन धरणारा लांब दांडा) मोकळा हलतो, बेअरिंगला खेळ नाही. तक्रार एकच, आणि ती काकांच्याच शब्दांत टिपून ठेवतो: "सुरुवातीला झकास वाजतं रे. द्रुत चालू झालं की आवाज फाटायला लागतो. एका रेकॉर्डचं नाही, सगळ्यांचंच."

द्रुत म्हणजे ख्यालाचा शेवटचा वेगवान भाग. काका आयुष्यभर ख्याल ऐकत आलेत, स्वतः पेटी वाजवतात. ते फाटतो म्हणाले तर फाटतोच. रेकॉर्डी झिजल्या असतील ही शंका त्यांनी आधीच खोडून काढली होती. पाकिटातून पहिल्यांदाच काढलेली कोरी एलपीसुद्धा शेवटाला तशीच वाजली म्हणे.

हेडशेल, म्हणजे टोनआर्मच्या टोकाचं सुटं डोकं, काढून पट्टी लावली. या टोनआर्मवर पिनच्या टोकापासून हेडशेलच्या मागच्या कॉलरमधल्या वॉशरपर्यंत ५२ मिमी अंतर लागतं. इथे भरलं ४७. आधीच्या मालकाने कार्ट्रिज (पिन जिच्यात बसते ती डबी) बदलताना ते मागे सरकवलं आणि तसेच स्क्रू आवळले, असं दिसतं.

पाच मिनिटांत नीट करून परत देता आलं असतं. पण भाची इंजिनिअरिंगला आहे आणि सुट्टीला आलीय. ती म्हणाली, "मामा, आत्ताच हलवू नकोस. आहे असं कसं वाजतं ते आधी उतरवून घेऊ." तिचं म्हणणं पटलं. कार्ट्रिज काटेकोर बसवल्याने ऐकणाऱ्याला खरंच फरक कळतो का, कळत असेल तर रेकॉर्डच्या कुठल्या भागात आणि कुणाला, याचा छडा लावायची ही चांगली संधी आहे. इतकी चुकलेली बसवणूक मुद्दाम शोधायला गेलो तर मिळणार नाही.

५ फेब्रुवारी

आधी कागदावरचा हिशोब.

मूळ तबकडी कापताना यंत्राची छिन्नी काठाकडून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपला टोनआर्म मात्र एका जागी खिळलेला असतो, त्यामुळे पिन कमानीतून आत येते. म्हणजे कापणारी छिन्नी ज्या कोनात होती त्याच कोनात पिन सगळीकडे राहूच शकत नाही. उपाय दोन. हेडशेल थोडं आत वळवायचं (या आर्मवर २२ अंश) आणि पिन स्पिंडलच्या (रेकॉर्डच्या भोकातल्या खुंटीच्या) थोडी पलीकडे पोहोचेल अशी ठेवायची (इथे १५ मिमी, यालाच ओव्हरहँग म्हणतात). हे दोन्ही जुळलं की रेकॉर्डवर दोन ठिकाणी चूक शून्य होते, बाकी ठिकाणी एक-दोन अंश उरते. ही दोन शून्यं कुठे ठेवायची यावरूनच सगळी मतमतांतरं आहेत.

प्रश्न शंभर वर्षांचा आहे. पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्येच 'द ग्रामोफोन' मासिकात यावर लिहिलं, तेही चावीच्या ग्रामोफोनच्या काळात. मग १९३८ मध्ये स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी गणित पक्कं केलं. एलपीसाठी बेअरवाल्डची शून्यं पडतात ६६ आणि १२०.९ मिमी त्रिज्येवर. १९६६ मध्ये स्टीव्हन्सन यांनी आतलं शून्य थेट शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवलं: ६०.३ आणि ११७.४. टेक्निक्सने कारखान्यात ठरवलेल्या मापांवरून मी काढली तर शून्यं आली ५८.८ आणि ११३.५, म्हणजे स्टीव्हन्सनच्या जवळची.

आता चुकलेला कोन आवाजाचं काय करतो ते. पिन तिरकी असेल तर मूळ सुरात डिस्टॉर्शनची भेसळ होते, आणि ती मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची असते, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकातला. भेसळ किती, हे कोनावर तर ठरतंच, पण खाच पिनखालून किती वेगाने सरकते यावरही ठरतं. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर काठाला, १४६ मिमीवर, खाच सेकंदाला ५१ सेमी धावते. लेबलजवळ ६० मिमीवर फक्त २१ सेमी. तोच एक अंश शेवटी चुकला तर सुरुवातीच्या जवळजवळ अडीचपट भेसळ होते.

खाचेतल्या नागमोडीचा वेग, म्हणजे पिन डावी-उजवीकडे हलते तो, सेकंदाला १० सेमी धरून काकांच्या मशीनची आत्ताची स्थिती मांडली. काठावर चूक एक अंशाहूनही कमी, भेसळ अर्ध्या टक्क्याच्या आत. १०० मिमीवर साडेतीन अंश, पावणेदोन टक्क्यांच्या वर. ६० मिमीवर जवळजवळ पाच अंश आणि भेसळ चार टक्के.

मग ५२ मिमीची, म्हणजे बरोबर बसवणूक मांडली. काठावर चूक २.६ अंश, भेसळ ०.९ टक्के. ८० मिमीवर १.२ अंश, पाऊण टक्का. ६० मिमीवर अंशाचा सातवा भाग, भेसळ ०.१ टक्क्याच्या आसपास.

हे आकडे मी भाचीकडून पुन्हा तपासून घेतले, कारण यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. रेकॉर्डच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत चुकीची बसवणूक बरोबर बसवणुकीपेक्षा स्वच्छ वाजते. म्हणजे कार्ट्रिज बसवल्यावर पहिलं गाणं लावून, कान देऊन, "मस्त वाजतंय" म्हणून जो उठतो, त्याला या चुकीचा पत्ता कधीच लागणार नाही. बसवणुकीने काही फरक पडत नाही असं मनापासून सांगणारे अनेकजण भेटतात. त्यांनी कुठला भाग ऐकून हे ठरवलं, असं यापुढे मी प्रत्येकाला विचारणार आहे.

८ फेब्रुवारी

चाचणीची मांडणी ठरली. या आर्मचं हेडशेल कॉलर फिरवून निघतं, त्यामुळे दोन सारखी हेडशेल घेतली. दोन्हींवर ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ चीच बॉडी. या मालिकेत पिन ओढून काढता येते आणि दुसऱ्या बॉडीत बसते. म्हणून एकच पिन आळीपाळीने दोन्हीकडे वापरायची. नाहीतर दोन पिनांमधला फरक आपण बसवणुकीच्या नावावर खपवू. पिनचं टोक तिला धरणाऱ्या बारीक डांडीवर चिकटवतानाच जरा फिरलेलं असू शकतं, त्यामुळे ही काळजी गरजेचीच आहे.

पिन सध्या लंबगोल टोकाची. ती रेकॉर्डवर टेकते ते वजन २ ग्रॅम. ते सराफांकडे असतो तसल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजलं, आर्मच्या मागच्या चकतीवरच्या आकड्यांवर विसंबलो नाही. आवाज संगणकात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवायचा, दोन्हींची पातळी सारखी करायची आणि ऐकवताना 'क' कोणता 'ख' कोणता हे फक्त भाचीला ठाऊक. मशीन समोर ठेवून ऐकवलं तर कान डोळ्यांच्या मागे जातात.

१२ फेब्रुवारी

पहिलं उतरवणं फेकून द्यावं लागलं. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडे अण्णांचा टॉवेलचा कारखाना. मागांचा ठोका आम्हाला सवयीने ऐकूच येत नाही, पण आलेखात २० हर्ट्झच्या खाली तो डोंगरासारखा दिसला. आर्म आणि कार्ट्रिज मिळून साधारण ८ ते १२ हर्ट्झला स्वतःच डोलायला तयार असतात. त्या पट्ट्यात बाहेरून धक्के आले की पिनवरचं वजन क्षणाक्षणाला कमी-जास्त होतं. अशा वेळी अंशाच्या दशांशांवर बोलण्यात अर्थ नाही.

टेबल सोडून दिलं. कारखान्याच्या विरुद्ध बाजूची दगडी भिंत हातभर जाड आहे, तिच्यात ब्रॅकेट ठोकून फळी बसवली. बराच फरक पडला. उरलेल्यासाठी अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत माग बंदच असतात की. तेव्हा करा तुमचं काम." आता उतरवणं त्याच वेळात.

दुसरी गोष्ट तूस. टॉवेलचा बारीक तूस इथे हवेतच असतो. भिंगाखाली पाहिलं तर एका बाजूच्या वादनानंतर पिनला पांढरी गुंडी लटकलेली. ती घेऊन पिन आतल्या खाचांत पोहोचते, म्हणजे बसवणुकीची चूक जिथे सर्वांत जास्त तिथेच हीसुद्धा सर्वांत जास्त. आवाजही तसाच फाटतो. दोन्हींत गफलत होणं अगदी सहज शक्य आहे. प्रत्येक बाजूआधी ब्रश, मागून पुढे.

१६ फेब्रुवारी

चुकीची बसवणूक (४७) आणि बरोबर (५२) दोन्ही नीट उतरवून झाल्या. काका नव्या पेठेतून रिक्षाने आले. त्यांच्याच तोडी रागाच्या एलपीची बाजू, आधी सुरुवातीचा आलाप.

'क' आणि 'ख' दोन्ही ऐकून काका बराच वेळ गप्प. "दोन्ही एकच आहे की रे. फसवतोयस का?" फसवत नव्हतो.

मग शेवटचा भाग. तान सुरू झाली आणि काकांनी हात वर केला. "हा फाटका. दुसरा लाव." दुसरा लावल्यावर: "आता कसं मोकळं झालं बघ. तबला गळ्यावर चढत नाहीये." भाचीने क्रम बदलून, मध्येच तोच तुकडा दोनदा लावून त्यांना पुन्हा पुन्हा पारखलं. प्रत्येक वेळी बरोबर.

"तबला गळ्यावर चढत नाहीये" हे वर्णन जपून ठेवण्यासारखं आहे. आम्ही कर्कश, खरखरीत, असे शब्द शोधत होतो. काकांना ऐकू आला तो वेगळेपणा: गळा, तबला आणि पेटी आपापल्या जागी आहेत की एकमेकांत घुसलेत.

२३ फेब्रुवारी

आज घरची आणि शेजारची मंडळी. काकू, अण्णा, अण्णांचा मुलगा, माझे ऑफिसातले दोघे. शेंगाचटणी-भाकरी खाऊन सगळे निवांत बसले होते.

४७ विरुद्ध ५२, बाजूचा शेवट: जवळजवळ सगळ्यांना कळलं, काहींना लगेच, काहींना दुसऱ्यांदा लावल्यावर. काकूंनी तर गायकाच्या 'स' आणि 'श'वर बोट ठेवलं: "एकात सकाराला शिट्टी वाजतेय." सुरुवातीचा भाग: सगळे अंदाजपंचे.

तेव्हा पाच मिलिमीटरची चूक ऐकू येते का, हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला. येते, आणि त्यासाठी कानसेन असावं लागत नाही. अट एकच, रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकायला हवी.

२ मार्च

आठवडाभर एकच विचार डोक्यात होता. पाश्चात्त्य देशांत यावर इतकं लिहिलं गेलं, ते तिकडच्या संगीताला धरून. तिथे एलपीच्या एका बाजूवर पाच-सहा गाणी असतात आणि शेवटी शांत गाणं ठेवून वेळ मारून नेता येते. आपल्या ख्यालाच्या एलपीला ती सोय नाही. बाजूभर एकच राग. काठाला विलंबित, संथ, गळा हळूहळू उघडतोय. जसजशी पिन आत जाते तसतशी लय वाढते, आणि लेबलजवळ, जिथे खाच सर्वांत मंद धावते आणि चुकलेल्या कोनाची सजा सर्वांत मोठी, तिथे द्रुत, तार सप्तक, तानांची बरसात आणि चढलेला तबला. बाजू वीस-बावीस मिनिटांची असेल तर संगीत लेबलच्या अगदी काठाशी जाऊन थांबतं. रागाच्या बढतीचा कळस आणि रेकॉर्डची सर्वांत दुबळी जागा एकाच ठिकाणी येतात. ख्याल ऐकणाऱ्याने बसवणुकीकडे रॉक ऐकणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं, असं मला आता ठामपणे वाटतं.

दुसरं, तंबोरा. एकच सूर वाजत असेल तर दुप्पट कंपनसंख्येची भेसळ कानाला फारशी खुपत नाही, कारण ती त्याच सुराचं वरचं सप्तक असते. पण दोन सूर एकदम वाजत असतील तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही तयार होतात. सा २४० हर्ट्झ आणि पंचम ३६० धरा. बेरीज ६००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतोच, त्यात ही भेसळ विरघळून जाते. आता तोडी घ्या. तंबोऱ्याचा सा २४०, गळ्यात कोमल रिषभ २५६. बेरीज ४९६. तार सा ४८०, तार कोमल रिषभ ५१२. हा ४९६ दोघांच्या बरोबर मधे लटकतो, रागात त्याला जागाच नाही. तान वेगाने खाली-वर जाते तेव्हा असे बेवारस सूर क्षणाक्षणाला उगवतात, आणि गळ्याभोवती धूळ उडाल्यासारखी वाटते.

हे काकांना पेटीवर दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे बेसुर मशीन होतं, गायक नव्हे."

१५ मार्च

आता खरा नाजूक प्रश्न. पाच मिलिमीटरचं सोडा. दोन्ही बसवणुकी आपापल्या परीने बरोबर असतील, तर? एका हेडशेलवर कारखान्याची ५२ मिमीची बसवणूक, दुसऱ्यावर बेअरवाल्ड. या आर्मवर बेअरवाल्ड साधायला कार्ट्रिज सुमारे ३ मिमी पुढे सरकवून जवळजवळ पावणेदोन अंश आत वळवावं लागतं. हेडशेलमध्ये ते थोडं वाकडं बसलेलं दिसतं, पाहणाऱ्याला चुकलंय असंच वाटतं. दोन्ही शून्यबिंदू आरशाच्या प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या आखलेल्या पट्टीवर) भिंगाने जुळवले. कार्ट्रिजच्या बॉडीकडे न बघता पिनच्या डांडीकडे बघून जुळवावं लागतं, कारण खाच वाचणारी पिन त्या डांडीला जोडलेली आहे.

कागदावर बेअरवाल्ड काठाला वरचढ: १.९ अंश, भेसळ ०.६५ टक्क्याच्या आत, तर कारखान्याची ०.९. मधल्या पट्ट्यातही किंचित बरी. पण ६० मिमीवर ०.८ अंश आणि दोन-तृतीयांश टक्का, तर कारखान्याची जेमतेम ०.१. बेअरवाल्ड सगळीकडे समान वाटणी करतात, टेक्निक्सने शेवट राखलाय.

चित्रपटगीतांच्या एलपीवर कुणालाही, काकांनाही, काहीही कळलं नाही. नाट्यगीतांवर नाही. काकांच्या ख्यालाच्या रेकॉर्डींपैकी ज्या मोजून पाहिल्या त्यांतल्या ज्यांचं संगीत ७० मिमीच्या बाहेरच संपतं, त्यांच्यावरही नाही. फक्त एका लांब बाजूच्या एलपीवर, शेवटच्या तीन-चार मिनिटांत, काकांनी कारखान्याची बसवणूक सातत्याने निवडली. भाचीने दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं, तेव्हाही. बाकी कुणाला तिथेही फरक ऐकू आला नाही.

म्हणजे हा फरक खरा आहे, पण फार अरुंद जागेत राहतो. बेअरवाल्ड की लॉफग्रेन की स्टीव्हन्सन यावर रात्री जागवणाऱ्यांनी आधी आपल्या रेकॉर्डींवर पट्टी ठेवून संगीत कुठे संपतं ते मोजावं. लेबलला खेटून संपणारे ख्याल जास्त असतील तर आतलं शून्य आतच ठेवणारी बसवणूक घ्यावी. गाण्यांच्या रेकॉर्डी जास्त असतील तर बेअरवाल्ड. दोन्हींत घोटाळा नाही.

१७ मार्च

आर्मची उंची मी फार छेडली नाही. २३० मिमी लांबीच्या आर्मवर मागचा खांब १ मिमी वर-खाली केला तर पिनचा कल जेमतेम पाव अंश बदलतो. आर्म रेकॉर्डला समांतर केला आणि पुढे गेलो. अँटीस्केटिंग, म्हणजे आत ओढल्या जाणाऱ्या आर्मला बाहेरून दिलेली ओढ, पिनच्या वजनाइतकंच.

३० मार्च

पिनांचे आकार. आजवर लंबगोल पिनवर काम झालं. आता त्याच बॉडीत शंकूच्या टोकाची आणि मायक्रोलाइन अशा दोन पिना आळीपाळीने.

शंकूच्या पिनचं टोक गोल, त्रिज्या ०.६ मिल, म्हणजे साधारण १५ मायक्रॉन. लेबलजवळ १० किलोहर्ट्झची एक लाट खाचेत फक्त २१ मायक्रॉन लांब असते. इतक्या अरुंद वळणात १५ मायक्रॉनचा गोल शिरणारच कसा? ती वळणाच्या डोक्यावरून घसरत जाते. ही भेसळ कोनाची नाही, टोकाच्या जाडीची आहे, आणि कार्ट्रिज कितीही काटेकोर बसवलं तरी ती जात नाही. म्हणून शंकूच्या पिनवर ५२ मिमी विरुद्ध बेअरवाल्ड ही चाचणी त्या लांब बाजूच्या एलपीवरही निष्फळ ठरली. काकांनी हात टेकले. ४७ मात्र तिच्यावरही ओळखू आली.

मायक्रोलाइनचं उलट. तिची कड इतकी पातळ आहे की ती खाचेतल्या वळणात पूर्ण उतरते, आणि शेवटची तान काठावरच्या आलापाइतकी स्वच्छ येते. हा बदल सगळ्या बदलांत मोठा, काकूंनाही न सांगता कळला. पण पातळ कडेला जरा फिरवलेलं खपत नाही. प्रोट्रॅक्टरवर मी कार्ट्रिज मुद्दाम दोन अंश वळवून उतरवलं, तर तिचा शेवटाचा फायदा बराचसा गेला. चांगली पिन घेणाऱ्याने बसवणुकीला तासभर द्यावा, साधी पिन वापरणाऱ्याने ओव्हरहँग जुळवून गाणं लावावं, असं मी आता विचारणाऱ्याला सांगतो. महागडी पिन घाईघाईने बसवणं हा सर्वांत तोट्याचा व्यवहार.

१९ एप्रिल

पारा ४२ च्या पुढे. पिनच्या डांडीला धरून ठेवणारं रबर उष्णतेत मऊ होतं, म्हणून फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये उतरवलेलं एकमेकांशी ताडायचं नाही असं ठरवलं. पंखा लावला तर ऐकता येत नाही, बंद केला तर बसता येत नाही. ऐकणं आता रात्री दहानंतर. काकांच्या काही रेकॉर्डी पत्र्याच्या खोलीत आडव्या रचलेल्या होत्या, त्या आजच खालच्या खोलीत उभ्या लावून आलो. हे काम खरं तर सर्वांत आधी करायला हवं असतं. वाकलेल्या तबकडीवर वजन, कोन, काहीच टिकत नाही.

२७ एप्रिल

मशीन काकांच्या घरी परत. मायक्रोलाइन पिन, कारखान्याची ५२ मिमीची बसवणूक, २ ग्रॅम. पिन कंपनीच्या सांगण्याप्रमाणे १००० तास चालते, लंबगोलची ३००, त्यामुळे किमतीतला फरक काकूंनाही पटला. बेअरवाल्डचं दुसरं हेडशेल लंबगोल पिनसह डबीत ठेवलंय, गाण्यांच्या रेकॉर्डींसाठी. कोपऱ्यात काकांचा चावीचा ग्रामोफोन आहे, त्यालाही हे करायचं का असं त्यांनी विचारलं. त्याची गरज नाही. तिथे लाखेची तबकडीच पोलादी पिनला घासून खाचेच्या आकाराची करते, आणि ७८ फेऱ्यांना आतली खाचही सेकंदाला ४० सेमीच्या आसपास धावते, एलपीच्या जवळजवळ दुप्पट.

१० मे

काकांचा फोन. "तान स्वच्छ आहे रे, पण या एका रेकॉर्डचा तंबोरा हलतोय." संध्याकाळी गेलो. आर्मकडे पाहताक्षणी कळलं: फिरणाऱ्या रेकॉर्डवर हेडशेल डावी-उजवीकडे डोलत होतं. भोक मध्यात नाही.

पट्टीने पाहिलं, साधारण अर्धा मिमी. हिशोब तिथेच पाकिटाच्या मागे केला. ६० मिमी त्रिज्येवर अर्धा मिमी म्हणजे वेगात ०.८३ टक्के खाली, तितकाच वर. सुराच्या भाषेत एकूण झोका २८ सेंटच्या आसपास (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग). प्रमाण श्रुती २२ सेंटची असते. म्हणजे दर १.८ सेकंदाला, एका फेरीत, षड्ज एका श्रुतीहून जास्त झुलतो. आधी आवाज फाटत होता तेव्हा काकांना हे ऐकू आलं नव्हतं. शेवट स्वच्छ झाला आणि त्याखालचा दोष वर आला.

कार्ट्रिजचा कोणताही कोन याला उपाय नाही. भोक रीमरने किंचित मोठं करून रेकॉर्ड हाताने मध्यावर आणता येते: आर्मकडे बघत, डोलणं थांबेपर्यंत काठाला हलकी टिचकी मारत. काका रेकॉर्डला हत्यार लावू द्यायला तयार नाहीत, आणि ती तोडीचीच एलपी असल्याने मीही आग्रह धरला नाही. त्यांच्याकडे तिचीच एक जास्त खरवडलेली प्रत आहे. आधी तिच्यावर करून दाखवायचं ठरलं, रीमर भाची पुण्याहून आणतेय.